राघूत घातलेलं दूध

माझ्या सख्ख्या आत्याने माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. यात गैरसमज नाही, नशीब नाही. अनसाआत्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट चारचौघांत 'पाहिली नाही' म्हणून सांगितली, आणि शकुताईचं मोडलेलं लग्न पुन्हा कधी जमलं नाही. मी उभा जन्म शेळ्या-बोकडांचा व्यापार केला. बाजारात मी फसले आणि मीही कुणाला सोडलं नाही. पण तिथे फसवणारा आणि फसणारा दोघांनाही ठाऊक असतं की आपण बाजारात उभे आहोत. ताई स्वतःच्या घराच्या ओसरीवर, स्वतःच्या आत्याला टेकून बसली होती. हा फरक आहे, आणि तो मला अजून गिळता येत नाही.

आमचं घर कोल्हारला, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. पुढे ओसरी, मध्ये लांबट खोली, मागे परस. परसात अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, विकायच्या शेळ्या, कोरफडीचं बेट, आणि भिंतीला लागून तीन दगडांची वेगळी चूल, कारण मटण घरातल्या चुलीवर शिजवायची आमच्यात रीत नव्हती. त्याचं जाड बुडाचं पातेलंसुद्धा वेगळं. ते कायम परसातच पालथं पडलेलं असे. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की शेळ्या ओरडायला लागायच्या, मग मनमाड रस्त्यावरचे ट्रक, आणि त्या सगळ्यावर आईचा आवाज. आई मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाकाला जायची. दवाखाना चालवणारी सिस्टर लुचिया इटलीची. गाव तिला लुशीबाई म्हणायचं. ती मराठी पुस्तकातून शिकली नव्हती, खाटेवरच्या बायकांकडून शिकली होती. त्यामुळे ती गोरीपान, उंचनिंच बाई तोंड उघडायची तेव्हा आमच्या पाणवठ्यावरची बाई बोलल्यासारखं वाटायचं. "लई दुखतंय व्हय गं? न्हाई? मंग रडती कशाला?"

त्या उन्हाळ्यात ताईचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा साखर कारखान्यात फिटर, शांत, नाकीडोळी नीट. ताई वीस वर्षांची, मी सतराची. सुपारी फुटली होती, बस्ता तेवढा बांधायचा राहिला होता. घरात रुखवताची तयारी चालली होती, आणि त्यासाठी अनसाआत्या तिच्या रत्नाला घेऊन आठ दिवस राहायला आली होती. रत्ना ताईहून दोन वर्षांनी मोठी, तिचं कुठे जमत नव्हतं. तेव्हा मला त्या गोष्टीचा अर्थ कळला नाही. शेळीचे दात पाहून वय सांगायला मी शिकले होते; माणसाचे दात पाहायला अजून शिकले नव्हते.

गव्हल्या, मालत्या, नखुल्या वळायचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. बन्सी गव्हाच्या रव्याचं पीठ घट्ट भिजवायचं. त्याचे गव्हाच्या दाण्याएवढे कण बोटांवर वळायचे, त्या गव्हल्या; मालत्या तशाच, आकार तेवढा वेगळा. नखुली म्हणजे पिठाची बारीक गोळी अंगठ्याच्या नखाने दाबून तिला वाटीसारखा खळगा पाडायचा. वाळवून डब्यात भरायच्या आणि लग्नात त्यांची दुधातली खीर करायची. दिवसभर ओसरीवर बांगड्यांचा आवाज आणि आत्याची बडबड. ताईच्या नखुल्या सगळ्या एका मापाच्या व्हायच्या. माझ्या लहानमोठ्या. "हिला नवरा बघताना आंधळा बघा," आत्या म्हणायची, आणि ताईसुद्धा हसायची.

लुशीबाई तेव्हा महिनाभर आजारी होती. पोटात काही ठरत नव्हतं, आणि तिला कायमची मायदेशी बोलावून घ्यायचं ठरलं होतं. आईने तिला विचारलं, "बाई, जायच्या आधी काय खावंसं वाटतंय ते सांगा." ती एकच शब्द बोलली. आई घरी येऊन पाण्याचा तांब्याही न घेता म्हणाली, "तिनं राघू मागितलाय."

"राघू?" आत्याच्या बोटावरची गव्हली खाली पडली. "पोपट खात्यात व्हय ही लोकं?"

"पोपट न्हाई वो वन्सं. खिमा. त्याला त्यांच्यात रागू म्हणत्यात. चार तास शिजवायचा."

"चार तासात तर बोकडाचं शिंगबी शिजंल," अण्णा म्हणाले.

दवाखान्यात रॉकेल मोजून मिळायचं, चार तास स्टोव्ह कोण पेटता ठेवणार? म्हणून ते आमच्या परसात करायचं ठरलं. गावात मात्र दुपारपर्यंत पसरलं की लुशीबाईसाठी राघू मारणार आहेत. शेजारची दोन पोरं भिंतीवरून डोकावून पिसं शोधून गेली.

दुसऱ्या दिवशी लुशीबाई सकाळीच आली. अण्णांनी लिंबाखाली तिच्यासाठी खुर्ची टाकली, आणि तिथून तिने आम्हाला चार तास नाचवलं. खिमा यंत्राचा नव्हता. अण्णांनी बाभळीच्या ठोकळ्यावर सत्तूर चालवून तो केला. कांदा, गाजर आणि कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या तिळाएवढ्या चिरायच्या. तिला वेगळीच कसली भाजी हवी होती, ती इथे उगवत नाही म्हणून काड्या. हे सगळं तेलात इतकं मंद परतायचं की कांदा लाल होता कामा नये, नुसता मान टाकेल एवढाच. मग खिमा. खिम्याचं पाणी आटून तो तडतडायला लागला की त्यात द्राक्षाची दारू घालायची, असं ती म्हणाली. आईने कानावर हात ठेवले. मग त्याऐवजी उसाच्या रसाचा आंबट शिरका घातला, वाटीभर, आणि त्याची झणझणीत वाफ उठून शेळ्या शिंकल्या. मग टोमॅटो, चाळणीवर चोळून गाळलेले. हळद नाही, लाल तिखट नाही, काळा मसाला नाही. आई मला हळूच म्हणाली, "तिखट न्हाई, हळद न्हाई, मंग त्या बोकडानं जीव तरी कशापायी दिला?"

त्यानंतर काही करायचं नव्हतं, आणि तेच आम्हाला जमत नव्हतं. आमच्याकडे रस्सा म्हणजे खदखदून उकळणार, तर्री वर येणार. ही बाई म्हणायची, "जाळ काढ. अजून काढ. एका टायमाला एकच बुडबुडा पायजे." आई लाकडं मागे ओढायची, ताई पळीने बूड खरवडायची, मी तळमळायची. मला आजही वाट पाहायचा राग येतो. पण तो वास मला अजून सांगता येतो: आधी कच्च्या टोमॅटोचा आंबूस, मग भाजलेल्या मटणाचा, आणि तिसऱ्या तासाला अचानक एक गोडसर, जाड वास, ज्यात कांदा, गाजर, मटण वेगळं काढताच येत नव्हतं. आत्या गव्हल्या टाकून पुढच्या ओसरीवरून मागे आली, ती त्या वासानेच. ती चुलीपासून दोन हातांवर पाट घेऊन बसली. हे लक्षात ठेवा.

शेवटी लुशीबाई म्हणाली, "आता दूध."

"मटणात दूध?" आत्या ओरडली. "वहिनी, अंगावर कोड फुटंल!" आमच्या भागात ही समजूत पक्की, मासे-मटणावर दूध घेतलं की अंगावर पांढरे डाग उठतात म्हणे.

"माझी आई दर रविवारी घालायची," लुशीबाईने बाही वर करून आपला हात पुढे धरला. "बघ. कुठं हाय कोड?"

"तुमच्यावर दिसंल कसं बाई? तुमी सगळ्याच पांढऱ्या!"

परसातले सगळे हसले. लुशीबाई डोळे पुसेपर्यंत हसली. मीही हसले. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

दूध ओतलं, वर जायफळ किसलं. हा रागू गव्हाच्या कसल्याशा वाळवणावर घालतात, म्हणून आईने शेवया शिजवल्या होत्या. त्यांचा लगदा झाला. लुशीबाईने तो पाहिला आणि तिचा चेहरा पडला. आई पाणी आणायला गेली होती, अण्णाही घरात नव्हते. मी आत गेले आणि रुखवतातला नखुल्यांचा डबा उघडून ओंजळभर नखुल्या घेऊन आले. ताई पळी घेऊन उभी राहिली.

"इंदे, त्या लग्नाच्या हायत."

"मूठभरानं काय हुतंय? परत वळू."

"त्या गोडाच्या हायत, मटणात घालायच्या न्हाईत. ठेव तिथं."

तिने पळी आडवी धरली. मी हिसडा दिला. पळीतला तो घट्ट, उकळता रागू तिच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूवर पडला आणि चिकटला. रस्सा असता तर ओघळून गेला असता; तो ओघळला नाही. ताई किंचाळली नाही, नुसती खाली बसली. तेव्हा पाटावरून सगळ्यांत आधी कोण उठलं? अनसाआत्या. तिने ताईचा हात हौदात बुडवला, कोरफडीचं पान मोडलं, दातांनी सोललं आणि त्याचा गर स्वतःच्या हाताने त्या जागेवर लावला. "न्हाई हुत काय, न्हाई हुत काय, माझी बाय," म्हणत होती. लुशीबाईने वरून पट्टी बांधली. रत्ना दारात उभी राहून पाहत होती.

नखुल्या शिजल्या. त्यांच्या खळग्यांत रागू जाऊन बसला, जणू त्यासाठीच कुणी नखाने जागा केली होती. लुशीबाईने दोन वाट्या खाल्ल्या. महिन्याभरात तिच्या पोटात ठरलेलं ते पहिलं जेवण. म्हणाली, "आमच्याकडं ह्याला कान म्हणत्यात. तुमच्यात नख, आमच्यात कान." आत्याने तीनदा वाढून घेतलं आणि ताटली बोटाने पुसून चाटली. चार दिवसांनी लुशीबाई गेली. तिचं पुढे काय झालं ते आम्हाला कुणी कळवलं नाही.

तीन आठवड्यांनी ताईच्या हाताची खपली पडली आणि खाली कातडी पांढरी निघाली, आंब्याच्या पानाएवढी. भाजल्यावर अशीच निघते. बस्त्याच्या दिवशी मुलाची आई आणि दोन बायका आमच्याकडे आल्या. इथून सगळ्यांनी मिळून नगरला जायचं होतं. आत्याही आली होती. आईने चहा पुढे केला. मुलाच्या आईने कपाला हात लावला नाही.

"नगं. दुधाचा हाय ना."

ओसरीवर कुणाला काही कळेना. मग ती ताईकडे वळली. "पोरी, बाही वर कर."

ताईने केली. त्या तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"भाजलंय वो ते," आई म्हणाली. "चुलीवर भाजलं."

"आमी येगळंच ऐकलंय."

अण्णा आपल्या बहिणीकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, कारण साक्षीदार घरातच बसला होता. "अनसे, सांग तू. तुझ्यासमोर भाजली ना पोर?"

आत्याने पदर सारखा केला. "म्या न्हाई बा पाहिलं. म्या पुढं गव्हल्या वळीत बसले हुते." मग जरा थांबून, देवळात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "मटणात दूध घातलेलं तेवढं पाहिलं. लग्नाच्या नखुल्याबी त्यातच घातल्या. खोटं कशाला बोलू? मला वर जायचंय."

बाजारात वाईट माल विकायची एक पद्धत असते. लंगडी शेळी विकताना तिच्या दुधाबद्दल खरं खरं बोलायचं. गिऱ्हाईक दुधात गुंततं, पाय बघत नाही. आत्याने तेच केलं. दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये एक खोटी बसवली. आणि ताई तिला टेकून बसलेली होती, ती तशीच राहिली, बाजूला सरकायचंही तिला सुचलं नाही.

मी आत्याच्या अंगावर धावून गेले. तिच्या केसाला हात घातला. आईने मला ओढून थोबाडीत मारली, पण व्हायचं ते झालं होतं. मुलाची आई उठली. "असल्या घरातली पोर नगं आमाला. एकीच्या अंगावर डाग, दुसरी लोकांच्या अंगावर." माझ्या रागाने त्यांना बोलायला दुसरं कारण दिलं. हे मी नाकारत नाही. हिसडा मी दिला, डबा मी उघडला, केसही मी धरले. पण मी केलेलं मी सांगते आहे. तिने केलेलं तिने सांगावं.

दीड महिन्यात त्याच मुलाशी रत्नाचं लग्न झालं. अण्णा मामा म्हणून उभे राहिले. "बहीण खोटं बोलंल का?" एवढंच ते म्हणायचे, आणि मरेपर्यंत तेवढंच म्हणाले. आई लग्नाला गेली नाही. तिने रुखवताचे डबे परसात नेले आणि सगळ्या गव्हल्या, मालत्या, नखुल्या शेळ्यांपुढे ओतल्या. शेळ्यांनी खाल्ल्या. शेळ्या काहीही खातात.

ताईला दुसरी स्थळं आली आणि गेली. बातमी आमच्या आधी पोचलेली असायची. मी अण्णांबरोबर बाजारात जाऊ लागले. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायला शिकले. बाई म्हणून हसणाऱ्यांची तोंडं बंद केली, पुढे लग्न केलं, पोरं झाली, आणि ताईला कायमची माझ्याकडे आणली. पण तिने दूध सोडलं होतं. चहा कोरा, दही नाही, तूप नाही, दिवाळीला खीर नाही. ती कुणाच्या ताटाला हात लावत नाही, लहान मूल उचलताना डावा हात पदरात घेते. मी तिला नगरला चामडीच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने भिंग लावून पाहिलं आणि सांगितलं, भाजल्याचा व्रण आहे, दुसरं काही नाही. परतताना एसटीत ती राहुरीपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "डॉक्टरला तू किती दिलेस?"

आणि कोड असतं तरी काय बिघडलं होतं? हे मी आता विचारते. तेव्हा आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. आईने नाही, मीही नाही. आम्ही सगळे 'भाजलंय, भाजलंय' एवढंच ओरडत होतो.

गेल्या महिन्यात पुण्याहून नात आली. तिला पास्ता हवा होता. बाजारातली तयार सॉसची बाटली फोडायला निघाली, तिला थांबवलं आणि म्हटलं, बस, चार तास बस. गॅसवर केला, आच अगदी बारीक ठेवली, एका वेळी एक बुडबुडा. शिरका, जायफळ, शेवटी दूध. नखुल्या मी वळल्या, अजूनही लहानमोठ्याच होतात. ताई दारात बसून वास घेत होती. वाढू का म्हटलं तर उठून आत गेली. तिच्या वाटणीचा रागू मी डब्यात भरला, जीपमध्ये बसले आणि आत्याकडे गेले.

आत्या आता रत्नाकडे असते. वय फार झालंय, पण डोळे नीट आहेत. मी तिच्याशी सौदा करायला गेले होते. तिने माझ्या घरी यावं, ताईसमोर एक वाक्य बोलावं. बदल्यात मी तिच्याबद्दल पुन्हा एक शब्द काढणार नव्हते. "तवाचं कुणाला याद हाय गं बाई," ती म्हणाली. "माझं डोकं आता चालत न्हाई." मी डबा उघडला. तिने मान वर केली, नाक हललं.

"राघू?"

"व्हय."

"आण इकडं. दूध घातलंस का? तवा घातलं हुतं." दोन घास खाल्ले, दातांशिवाय, सावकाश. मग सहज, कुणाच्या गुडघ्याची विचारपूस करावी तसं म्हणाली, "शकीचा हात कसा हाय? लई भाजली हुती बिचारी. कोरफड लावली म्हणून वाचली."

रत्ना चहा घेऊन दारात उभी होती. तिने ते ऐकलं.

"आत्या, हेच ताईसमोर बोल. जीप दारात उभी हाय."

"जाऊ दे गं," आत्या म्हणाली आणि ताटली पुढे केली. "अजून हाय का?"

मी घरी येऊन ताईला शब्दन् शब्द सांगितला. ती तांदूळ निवडत होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू घासाघीस करून कुणाकडूनबी काहीबी वदवून घेशील, इंदे," ती म्हणाली. खरं आहे. माझ्या तोंडून आलेलं तिला कधीच पटणार नाही. ज्या तोंडाने तिचं खरं काढून घेतलं त्याच तोंडाने ते परत यायला हवं, आणि ते तोंड अजून खातं, पितं, बोलतं, फक्त आमच्या दारात येत नाही.

म्हणून इथे लिहून विचारते. अनसाआत्या, कोरफडीचं पान कुणी सोललं? आणि आत्या बोलणार नसेल तर रत्ना, तू बोल. तेव्हाही तू दारात होतीस, आताही दारात होतीस. जीप मी पाठवते. ओसरीवर ये, शकुताईचा डावा हात हातात घे, आणि तिला सांग हा डाग कशाचा आहे.